खायला देऊ नये

ट्रेला चिठ्ठी लावलेली होती. मंगळवारी सकाळी साडेनऊला ज्योतीराम माश्यांच्या खोलीत शिरला तेव्हा डावीकडच्या रॅकवर, मधल्या फळीवर, नेहमीच्या ट्रेंच्या शेजारी एक नवा ट्रे होता आणि त्याच्यावर निळ्या मार्करनं लिहिलेला कागद चिकटवला होता. इथं एरवी सगळं इंग्रजीत लिहिलेलं असायचं, आकडे आणि अक्षरं, ज्योतीरामला त्यातलं काही लागायचं नाही. हा कागद मराठीत होता, म्हणजे त्याच्यासाठीच होता. 'उपाशी. खायला देऊ नये. – दिव्या.' त्यानं तो वाचला आणि हातातला खाण्याचा ट्रे त्याला एकदम जड झाला. त्यानं तो टेबलावर टेकवला आणि तिथंच उभा राहिला. कागदात वावगं काहीच नव्हतं. पोरीनं आठवणीनं, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, म्हाताऱ्या माणसाला चष्मा न लावता वाचता यावं म्हणून. पण 'देऊ नये' हे शब्द एवढ्या मोठ्या अक्षरात त्यानं याआधी एकाच ठिकाणी वाचले होते, दवाखान्यात, यशोदाच्या पलंगाच्या पायथ्याशी. तिथं लिहिलं होतं, 'तोंडाने काहीही देऊ नये'. तो कागद त्यानं अकरा दिवस वाचला होता. बाकी वाचायला तिथं काही नव्हतं.

ज्योतीराम माश्यांचा स्वयंपाकी होता. असं सांगितलं की मोशीच्या चाळीतले लोक हसायचे, म्हणून तो 'औषधाच्या कंपनीत आहे' एवढंच सांगायचा. ते खोटंही नव्हतं. महाळुंग्याच्या पुढं औषधांच्या एका कंपनीचं संशोधन केंद्र होतं, तिथं खालच्या मजल्यावर फळमाश्या पाळलेल्या होत्या. केळं पिकलं की भोवती घोंगावतात तीच चिलटं, पण इथं त्यांचा थाट मोठा. बोटाएवढ्या नळ्या, त्यांना सगळे व्हायल म्हणायचे, प्रत्येकीच्या तळाशी दोन बोटं घट्ट खाणं, वर कापसाचं बूच, आणि बारा महिने सारखी हवा. खाणं करायचं काम ज्योतीरामचं. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि आगर नावाची पावडर, जिच्यामुळं सगळं खरवसासारखं धरतं. त्याआधी अठरा वर्षं तो गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होता. शिफ्टला चारशे माणसं. गुठळी न होऊ देता वीस लिटर पिठलं हाटणाऱ्या माणसाला पाच लिटर मक्याचं पीठ म्हणजे खेळ होता. पहिल्या दिवशी तनुजा मॅडमनी, म्हणजे इथल्या मोठ्या शास्त्रज्ञ बाईंनी, भांड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "एकही बुडबुडा नाही. आधीचा मुलगा आला की व्हायलमध्ये नुसत्या खिडक्या असायच्या." ज्योतीरामनं ते घरी येऊन यशोदाला सांगितलं होतं. ती तेव्हा चालती बोलती होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "चारशे मानसाला करून दमलाव, आता चिलटाला करा. शेवटी मुंग्याला साखर टाकायची नोकरी लागती बघा तुमाला." आणि स्वतःच इतकी हसली की परातीतलं पीठ उडालं.

त्या दिवशी त्यानं नव्या ट्रेला हात लावला नाही. बाकीच्या माश्यांना ताजं खाणं बदलून दिलं, जुन्या व्हायल धुवायला टाकल्या, भांडं घासलं. पण जाता येता नजर तिकडंच जायची. चाळीस व्हायल होत्या. प्रत्येकीत नुसतं आगर, पाण्यात उकळलेलं, पारदर्शक. माश्यांना पाणी मिळत होतं, खाणं नव्हतं. सलाईन, त्याच्या मनात आलं. हे सलाईनच की. दुपारी दिव्या आली तेव्हा त्यानं विचारलं, "ताई, ह्यांनी काय केलं म्हणून ह्यांना उपाशी?" दिव्या सांगलीकडची पोरगी, जेमतेम सव्वीस वर्षांची, कायम घाईत, केसांत पेन खोचलेलं. ती म्हणाली, "शिक्षा नाही हो काका. बघायचंय." मग तिनं त्याला सांगितलं. ती चांगलं सांगायची, आपल्या पीएचडीचं काम सोपं करून ज्योतीरामला सांगता आलं की तिला स्वतःला कळलंय असं ती समजायची. आतड्याच्या आतला थर रोज झिजतो, म्हणाली, माशीचाही झिजतो आणि आपलाही. तो भरून काढायला आतड्याच्या भिंतीत तळाशी काही मूळ पेशी बसलेल्या असतात. अशी एक पेशी फुटते, तिच्या दोन होतात. त्यातली एक जाऊन आतडं बनते, झिजते, मरते. दुसरी तिथंच राहते, आईसारखी, पुन्हा फुटायला. पण खाणं भरपूर मिळालं तर कधी कधी दोघीही मागंच राहतात, मूळ पेशी वाढतात आणि आख्खं आतडं मोठं होतं. "आणि न्हाई मिळालं तर?" "तर आकसतं. असं आमचं म्हणणं आहे. तेच बघायचंय, उपाशी ठेवलं की या पेशी नक्की काय करतात." ज्योतीरामनं मान डोलावली. तो थर, तो म्हणाला, भाकरीच्या पापुद्र्यासारखा असंल. दिव्या म्हणाली, "हो, बरोबर, पापुद्राच." तिला काय माहीत.

पापुद्रा यशोदानं मागितला होता. आठव्या दिवशी. तिच्या आतड्याला पीळ पडला होता, दोन दिवस तिनं ओवा आणि गरम पाण्यावर काढले, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काळं पडलेलं दीड हात आतडं काढून टाकलं. उरलेलं शिवलंय, ते सांधेपर्यंत तोंडानं थेंबही नाही, असं त्यांनी ज्योतीरामला दोनदा सांगितलं आणि कागद लावला. पहिले काही दिवस ती गुंगीत होती. मग शुद्धीवर आली आणि तिला भूक लागली. हातात सुई, नाकात नळी, आणि भूक. "अवो," ती म्हणाली, "एक भाकर करून आना. भाकर नगं, वरला पापुद्रा तेवढा. दुधात बुडवून." तो म्हणाला, डॉक्टर नाही म्हणतात. ती म्हणाली, "डॉक्टरला काय कळतंय भुकेचं. चारशे मानसाला वाढता रोज आन मला एक पापुद्रा न्हाई?" तो कॅन्टीन सोडून दोन वर्षं झाली होती, पण तिच्या बोलण्यात ते चारशे लोक कायम जेवत बसलेले असायचे. भाकरी तव्यावरून आगीवर टाकली, फुगली, की ती वाफेत बोट घालून वरचा पापुद्रा सोलायची आणि त्याच्या ताटात टाकायची, लग्न झाल्यापासून, त्याला आवडतो म्हणून. तिला आवडतो की नाही हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आठव्या दिवशी कळलं की तिलाही आवडायचा. त्यानं कापसाचा बोळा पाण्यात बुडवून तिच्या ओठांवरून फिरवला. तिनं तो ओठांत धरून चोखायचा प्रयत्न केला आणि त्यानं तो ओढून घेतला. घाबरून. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, मुलाला, ज्ञानेशला पण नाही. अकराव्या दिवशी ती गेली. शिवलेलं सांधलंच नव्हतं. लोक म्हणाले, ज्योतीरामनं सेवा केली, एक दिवस हलला नाही. ते खरंच होतं. तो कागदासमोर बसून होता.

बुधवारी सकाळी तो खोलीत गेला तेव्हा उपाशी माश्या वर आल्या होत्या. रोज खाणाऱ्या माश्या खाण्यावर बसलेल्या असतात, उडतात, एकमेकींच्या अंगावर चढतात. या नव्हत्या. या बुचाच्या खाली काचेला धरून होत्या, तोंडं वर करून, आणि एक दोन तळाशी आगरवर आडव्या पडल्या होत्या. ज्योतीरामनं एक व्हायल उचलून उजेडात धरली. एक माशी आपली बारीक सोंड काढून कापसाला लावत होती. काढायची, लावायची. कापसात काही नव्हतं. त्याला तिचं वागणं चांगलं ओळखीचं वाटलं. अठरा वर्षं त्यानं माणसांना वाढलं होतं, रांगेत ताट धरलेल्या माणसाकडं पाहून तो सांगायचा की हा घरून न जेवता आलाय. तो भांड्याच्या खोलीत गेला. वाटीत कोमट पाणी घेतलं, साखर घातली, चिमूटभर यीस्ट कालवलं, ड्रॉपरनं ओढलं. परत आला आणि चाळीस बुचांना खालून एकेक थेंब लावला. बूच काढायचं, थेंब द्यायचा, माशी बाहेर यायच्या आत बसवायचं. हात सरावलेला होता, एकही उडाली नाही. मग पुढं तो पाहत राहिला. आधी एक आली, मग चार, मग कापसाच्या खालच्या बाजूला त्यांची दाटी झाली, उलट्या लटकून, सोंडा कापसात. त्यानं बोळा ओढून घेतला नाही. गुरुवारी सकाळीही त्यानं तेच केलं. त्यात काही बिघडतंय असं त्याला तेव्हा वाटलं नाही. खोटं कशाला, वाटलं. पण बिघडेल ते माणसांचं बिघडेल, यांचं नाही, असं वाटलं.

शुक्रवारी दुपारी दिव्या पळत खाली आली. "काका, वर या. हात धुवा आणि वर या." त्याला वाटलं, कळलं. तिच्या मागोमाग जिना चढताना त्यानं मनात वाक्य जुळवलंही होतं. पण तिनं त्याला स्टुलावर बसवलं आणि मायक्रोस्कोपच्या, तो त्याला दुर्बीणच म्हणायचा, नळीला डोळा लावायला सांगितलं. आधी त्याला काही दिसेना, स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग काळोखात हिरवं दिसलं. गोळे, बारीक, हिरव्या हरभऱ्यासारखे, आणि बरेचसे जोडीनं. एक तर मधोमध चिमटलेला होता, दोन डाळी सुटायच्या आधी हरभरा असतो तसा. "ही तुमच्या उपाशी माशीची आतडी," दिव्या म्हणाली. "हिरव्या दिसतात त्या मूळ पेशी. फुटतायत काका! तीन दिवस उपाशी, आणि फुटतायत. आकसलेलं नाही काही. माश्याही फारशा मेल्या नाहीत. असं कुणाच्याच पेपरात नाहीये. मॅडमना फोन केला मी, त्या म्हणाल्या बुधवारी सगळ्यांसमोर दाखव." ती बोलत होती, केसांतलं पेन काढत होती, परत खोचत होती. ज्योतीराम नळीतून डोळा काढेना. "म्हणजे," त्यानं विचारलं, "खायला न्हाई मिळालं तरी आतडं आपलं आपण भरून येतं?" "असं दिसतंय तरी." "उपाशी राहिल्यानं काही बिघडत न्हाई?" "या माश्यांचं तरी नाही." ज्योतीराम म्हणाला, "बरं." आणि तो खाली आला आणि भांड्याच्या खोलीत कट्ट्याला टेकून उभा राहिला.

त्याला बरं वाटलं होतं. हेच वाईट होतं. हे सगळं आपल्याच ड्रॉपरचं आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी जिना उतरताना त्याच्या छातीवरचं काही तरी वर्षभरात पहिल्यांदा हललं होतं. उपाशी राहिल्यानं काही बिघडत नाही. तो कागद, तो बोळा, ते अकरा दिवस, कशानंच काही बिघडलं नाही. एवढी शिकलेली पोरगी म्हणतेय, दुर्बिणीत दाखवतेय. शनिवार गेला, रविवार गेला. रविवारी तो इंद्रायणीच्या बाजूला नवीन इमारतींच्या मधून चालत गेला, जिथं ते मोशीत नवे आले तेव्हा ज्वारी असायची आणि यशोदा हुरड्याची कणसं मागून आणायची, गावाकडच्यासारखी आहेत म्हणायची, मग खाऊन म्हणायची, नाहीत. धाराशिवकडून आलेली माणसं इथं येऊन कशालाच गावाकडच्यासारखं म्हणत नाहीत, फक्त यशोदा म्हणायची, आणि लगेच मोडायची. त्या दिवशी तो तिच्याशी मनात बोलत होता. बघ, तुला दिलं नाही त्यानं काही बिघडलं नाही. तो बोलत होता आणि ती ऐकून घेत नव्हती. जिवंत होती तेव्हाही खोटं बोललं की ती वाद घालायची नाही, नुसती भांडी वाजवायची. तसंच काहीसं. चार पावलं त्याला ती शेजारी वाटायची आणि हे वाक्य मनात आलं की जागा रिकामी व्हायची. तीन दिवसांत त्याच्या लक्षात आलं की बरं वाटायला लागल्यापासून तिचा आवाज त्याला येईना झालाय. पापुद्रा मागणारा आवाज सुद्धा. वर्षभर त्या आवाजानं त्याला छळलं होतं आणि आता तो नाही म्हटल्यावर त्याला घरात बसवेना.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता, दिव्या दुसऱ्या दिवशीची चित्रं लावत बसली होती तेव्हा तो वर गेला. "ताई, मी त्यांना खायला दिलंय."

"कुणाला?"

"उपाशीवाल्यांना."

ती हसली. "काका, उद्या मीटिंग आहे. चेष्टा नका करू."

"बुचांना लावलं. साखरपाण्यात यीस्ट कालवून. बुधवारी आन गुरुवारी."

तिचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "किती व्हायलना?"

"चाळीस."

"चाळीसच्या चाळीस?" ती उठून उभी राहिली. "अहो, एखादी तरी सोडायची! निदान तेवढी तरी खरी राहिली असती." मग तिला स्वतःच्याच बोलण्याचं काय वाटलं कोण जाणे, ती खाली बसली. "मी मराठीत लिहिलं होतं. तुमच्यासाठी मुद्दाम मराठीत लिहिलं होतं मी."

"वाचलं."

"वाचून दिलंत?"

"भूक लागलेली त्यांना."

"तुम्हाला काय माहीत माशीला भूक लागली? तुम्ही स्वयंपाकी आहात ना काका? मग स्वयंपाक करायचा. ह्या हिरव्या पेशी दिसणाऱ्या माश्या तयार करायला मला चार महिने लागले. मी आईला फोन केला, मॅडमना सांगितलं, सगळ्यांना सांगत सुटले मी." तिचा आवाज फुटला. "आणि आज का सांगताय? सांगितलंच नसतं तर कुणाला कळलं असतं?"

ज्योतीराम टेबलाच्या कडेला हात ठेवून उभा होता. मग त्यानं सांगितलं. सरळ सांगितलं, पीळ, दीड हात आतडं, कागद, पापुद्रा. बोळा ओढून घेतला तेही सांगितलं. "तुमचं ते खरं निघालं असतं तर मी सुटलो असतो," तो म्हणाला. "पन ते माज्याच हातचं. आपनच शिजवायचं, आन आपनच खाऊन प्रसाद म्हनायचं, तसं झालं." दिव्या पडद्याकडं पाहत राहिली. तिनं काही समजूत घातली नाही, काही गोड बोलली नाही. ती म्हणाली, "जा तुम्ही काका. मला आता मॅडमशी बोलायचंय."

तनुजा मॅडमनी त्याला बोलावून घेतलं आणि तीन वाक्यांत झापलं. काढलं मात्र नाही. दिव्या आठवडाभर त्याच्याशी कामापुरतं बोलली. मग तिनं पुन्हा तेवढ्याच माश्या वेचल्या आणि त्याला म्हणाली, "आगर तुम्हीच करा. तुमच्या हाताला बुडबुडे येत नाहीत." या वेळी तिनं कागद लावला नाही. ज्योतीरामनं नुसतं पाणी आणि आगर उकळलं, त्यात काही घालायचं नाही म्हणून हात सारखा साखरेच्या डब्याकडं जात होता तो मागं घेतला, आणि चाळीस व्हायल भरल्या. माश्या आत सोडायच्या वेळी त्यानं दिव्याला सांगितलं की तो समोर थांबेल. तीन दिवस तो सकाळी त्या ट्रेसमोर उभा राहिला. माश्या वर आल्या, कापूस चाचपू लागल्या, मग खाली पडू लागल्या. तो उभा राहिला. त्याला वाटलं, त्या अकरा दिवसांतही तो असाच उभा राहिला असता तर. तो तर बसून होता, कागदाकडं तोंड करून, तिच्याकडं पाठ नाही पण तोंडही नाही. भूक लागलेल्या माणसाकडं बघायलाही ताकद लागते. ती त्याच्यात नव्हती आणि म्हणून त्यानं कागद वाचला.

चौथ्या दिवशी दिव्यानं त्याला बोलावलं. दुर्बिणीत आता आतडं दोऱ्यासारखं बारीक दिसत होतं. हिरवे गोळे थोडेच, लांब लांब, एकेकटे. "पेशी मेल्या का?" त्यानं विचारलं. "नाही. थांबल्यात. अन्न आलं की पुन्हा फुटायला लागतात." "किती दिस थांबतेत?" "माशी जगेल तितके दिवस," दिव्या म्हणाली. मग तिनं स्टूल ओढून घेतलं. "काका, माणसाचं मला सांगता येणार नाही. सलाईननं थोडी साखर जाते पोटात न जाता. आणि काकूंचं तर आतडंच काळं पडलं होतं, दिलं असतं तर टाक्यांतून बाहेर आलं असतं, त्यानंच जास्त... किंवा नसतंही झालं. मला खरंच माहीत नाही." ज्योतीराम म्हणाला, "म्हाईत न्हाई म्हनालीस ते बरं केलंस." त्या दिवशी परत येताना चाकणच्या चौकात बस पाऊण तास अडकली होती. कंटेनरच्या रांगेकडं पाहता पाहता त्याला यशोदाचा आवाज आला, स्पष्ट, चारशे मानसाला वाढता रोज. तो खिडकीला डोकं टेकून ऐकत राहिला. पुन्हा म्हण, असं त्याला म्हणावंसं वाटलं.

गुरुवारी ज्ञानेशला सुट्टी असते, कारखान्यांची वीज बंद म्हणून. सून, पुनम, माहेरी गेली होती, म्हणून त्या गुरुवारी ज्योतीरामनंही रजा घेतली होती. बापलेक दुपारी जेवून गॅलरीत बसले. ज्योतीरामनं त्याला माश्यांची हकीकत सांगितली, हसण्यासारखी करून सांगितली, चाळीसच्या चाळीस, एखादी तरी सोडायची म्हणाली पोरगी. ज्ञानेश हसला नाही. तो विचारू लागला, कशाला दिलंत. मग ज्योतीरामनं पापुद्र्याचं सांगितलं. पहिल्यांदाच. "मागत होती ती," तो म्हणाला. "मी दिलं न्हाई."

ज्ञानेश गॅलरीच्या गजाकडं पाहत होता. खाली कुणीतरी टँकरवाल्याशी भांडत होतं.

"अण्णा," तो म्हणाला, "मी दिलतं."

"काय?"

"दूध. नवव्या दिवशी. तुमी खाली औषध आनायला गेलता. मला बी तेच म्हनाली, पापुद्रा. पापुद्रा कुठून आनू. चहावाल्याकडून दूध आनलं गिलासात आन चमच्यानं पाजलं." त्याचा आवाज कोरडा होता, पाठ केल्यासारखा. "दोन दिसांनी ती गेली. टाके उसवले म्हनले डॉक्टर. वरीस झालं अण्णा, मी पुनमला बी बोललो न्हाई. मीच मारलं का तिला?"

ज्योतीरामला आठवलं की मागच्या वर्षभरात पोरगं दूध पीत नव्हतं, चहा काळा प्यायचं, आणि पित्त झालंय म्हणायचं. दिव्याचं बोलणं त्याच्या डोक्यात होतं, टाक्यांतून बाहेर आलं असतं, किंवा नसतंही. मला खरंच माहीत नाही. पोरीजवळ तो खरं बोलला होता, आणि खरं काय ते त्याला इथंही ठाऊक नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला. "तुज्यानं काय झालं न्हाई. उसवायचं ते आधीच उसवलंतं."

ज्ञानेशनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. ज्योतीरामनं त्याला रडू दिलं, आणि तो शांत झाल्यावर थोडं पुढं सरकला. त्याला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारताना त्याला स्वतःच्याच पोराचा हेवा वाटला.

"प्याली?"

"व्हय."

"किती?"

"चार चमचे. पाचवा मागितला. मी भ्यालो, न्हाई दिला."

"गोड होतं?"

"साखर घातली होती चहावाल्यानं."

"काय म्हनाली?"

ज्ञानेशनं नाक पुसलं. "म्हनाली, तुज्या बापाला सांगू नगंस. भ्येतेत."

ज्योतीराम हसला. हसू आवाजासकट बाहेर आलं, त्याला स्वतःलाच ओळखू आलं नाही. मग ते थांबलं. "कोनत्या हातानं पाजलंस?" त्यानं विचारलं. ज्ञानेशनं न कळून उजवा हात पुढं केला. मशीनचं तेल नखांत मुरलेलं, अंगठ्यावर जुना चटका. ज्योतीरामनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, मांडीवर ठेवला, आणि दुपार कलेपर्यंत सोडला नाही.